बनुबाईच्या ब्लॉगवरचा बिननावाचा

१२ जानेवारी २०२५, रविवार
मी सांगते, निकिता लिहिते. नात हाय माझी. मला वाचता येत न्हाई, त्यामुळं मधेच तिनं स्वतःचं काय घुसडलं तरी मला कळायचं न्हाई. ही वही आमच्या दोघींचीच. जगाला सांगायचं ते ब्लॉगवर जातं.

काल ब्लॉगवर माझ्या हक्कसोडीचं सांगितलं. बाप गेल्यावर भावानं राहुरीच्या कचेरीत नेलं, कागदावर अंगठा घेतला, वर एक लुगडं दिलं. झाली मी बापाच्या जमिनीतनं मोकळी! शेवटी म्हटलं — माझी लेक रेश्मा असल्या कागदावर सही करणार न्हाई. तिच्या बापाच्या उसात तिचाबी वाटा हाय.

आज त्याखाली कुणीतरी लिहिलंय. नाव न्हाई. "म्हातारे, जीभ आवर." निकिता वाचताना अडखळली. म्हटलं, वाच गं, माझी सासू चहाच्या आधी याच्याहून जास्त बोलायची.

१४ जानेवारी, संक्रांत
वाणवशाला आलेल्या बायांपैकी तिघींनी कानात सांगितलं — आमचीबी सही घेतली.
बिननावाचा परत आला. "लेकीला भडकवते. ही घर फोडणार." उत्तर लिहायला लावलं — बाबा, पत्ता दे, तिळगूळ पाठवते.

१७ जानेवारी
"रेश्मा एकटीच स्कूटीवर शाळेत शिकवायला जाते ना? रस्ता वाईट आहे."
आज हसू आलं न्हाई. रेश्माला फोन केला, थोडे दिवस एस्टीनं जा म्हटलं. "आई, ते ब्लॉगचं बंद कर ना." न्हाई म्हटलं.

२० जानेवारी
"हिरवं लुगडं घेताना बरं गोड लागलं."
रंग मी कुठंच सांगितला न्हाई. निकितानं सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं — न्हाईच. त्या दिवशी कचेरीत कोण कोण हुतं? माझा भाऊ भिमाजी, तो वारला. दोन साक्षीदार, तेबी गेले. आन माझा आदिनाथ, चार वर्षांचा, माझ्या पदराला नाक पुसत.
भिमाजीच्या पोरांनी घरात ऐकलं असंल. दुसरं कोण असणार?


२३ जानेवारी
आदिनाथला सांगितलं. एकुलता लेक. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. "आई, मोबाईल आन पासवर्ड माझ्याकडं दे. मी बघतो त्याच्याकडं."
निकिता म्हणाली, "पप्पा, मी करते की."
"तुझ्यामुळंच सुरू झालंय हे."
दिला बाई मोबाईल.

२८ जानेवारी
आदिनाथ म्हणतो, ब्लॉग बंद ठेवलाय. लई दिवसांनी झोप लागली.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रेश्मा आली. डोळे सुजलेले. "तुझ्या मनासारखं केलं, आई. काल राहुरीला जाऊन सही करून आले."
माझ्या मनासारखं?
तिनं तिचा मोबाईल निकितापुढं धरला. रविवारी ब्लॉगवर आलंय, माझ्या नावानं, माझ्या फोटोखाली. "मी चुकले. रेश्मानं भावाला हक्क सोडून द्यावा आणि मला सुखानं मरू द्यावं."
"मी फोन केलता," रेश्मा म्हणाली. "दादानं उचलला. म्हणला, आई रडतीय, काय विचारू नको."
तेवीस तारखेपासून ब्लॉगवर मी एक शब्द सांगितलेला न्हाई.
निकिताचा हात थांबलाय. लिही गं. तुझा बाप असला म्हणून काय झालं, नाव लिही.