दोन पंख्यांत वाटलेली वीज

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू ‘बघू’ म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहील.

वरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. भावोजी गेल्यापासून तू त्या बंद दुकानामागच्या खोलीत एकटी राहतेस, हे मला आणि तुझ्या भावजयीला बघवत नाही. कायमची ये, एवढंच म्हणणं आहे. खोली दुपारी तापते खरी, पण त्यावर मी तोडगा काढलाय. एक जुनं लॉज बंद झालं, त्याच्या सामानातून दोन टेबलफॅन आणले. पितळी पाती, बिडाची बैठक. उचलताना कंबर कुठे आहे ते नीट कळतं.

काल थोरला लावून पाहिला. जुना प्लग कापून नवा बसवला आणि बटण दाबलं. ताई, पंखा फिरला नाही, सुटला! टेबलावरून चालायला लागला, माझे कागदी पॅटर्न खिडकीबाहेर गेले, मागून ठिणग्या. मी मात्र जुन्या मालाची ताकद बघा म्हणून ओरडत होतो. मग वास आला. तुझ्या भावजयीने मेन बंद केलं तेव्हा मी टेबलाखाली होतो. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण या पठ्ठ्याचं माप घ्यावं हे काही सुचलं नाही. सुदैवाने तो अजून जिवंत आहे.

जुन्या पंख्याला आताची वीज कशी पाजायची ते कळव. येण्याचंही कळव. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
बॉबिन

१४ मार्च

चि. बॉबिनला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. मग घाबरले. अरे, पंख्याच्या बुडाशी एक पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट लिहिलेले असतात. तिथे ११० असणार आणि तुझ्या भिंतीत आहेत २३०. वाटीत मावेल त्याला बादली पाजलीस. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आण, तो वीज उतरवून देतो. आतली कापडी वेष्टणाची तार आधी बदल, हात लावताच तिचा भुगा होतो. अर्थिंग कर. तेलाच्या वाट्यांत तेल घाल. त्या जाळीतून आख्खा हात आत जातो, तेव्हा बोटं सांभाळ, शिंप्याला ती लागतात.

येण्याचं म्हणशील तर नको. हे होते तेव्हा दिवसभर लोकांच्या पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, नवी तार गुंडाळायची, कोपरापर्यंत हात काळे. ते गेल्यापासून मी शटर वर केलेलं नाही. रिकाम्या हातांनी दुसऱ्याच्या घरी बसून खाणं माझ्याने व्हायचं नाही. तू भाऊ खरा, पण घर भावजयीचं. पाहुणी चार दिवसच शोभते. रागावू नकोस.

माझा लोभ पुष्कळ आहे, अक्कल तेवढी तू वाढव.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टीवर ११०च निघाले. तू घरबसल्या ओळखलंस आणि मला भिंगातून वाचावं लागलं. तार बदलली, तेल घातलं. ट्रान्सफॉर्मर मात्र मागवावा लागेल असं दुकानदार म्हणाला, आणि मला कुठला धीर! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी हिशेब मांडला: पंखे दोन, वीज २३०. एकामागे एक जोडले की दोघांना ११०, वरचे दहा शिलाईत जातील. मोठ्या तुकड्यातून दोन सदरे काढतोच ना आपण?

थोरला जेमतेम मान हलवत बसला. धाकट्याची पाती दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळाने धुरामुळे पंखाही दिसेना. गेला बिचारा. तोच तुझ्या खोलीसाठी होता. तुझी भावजय म्हणाली की दोघांची मापं तरी घेतली होतीत का.

घर भावजयीचं, हे तुझं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, मग आता मीच बोलावते आहे, पुढचं कारण काय ते विचारा. काय सांगू?

लोभ वाढता ठेव, व्होल्ट आम्ही कमी करू.

बॉबिन

२७ मार्च

चि. बॉबिनला आशीर्वाद.

वीज म्हणजे कापड नव्हे रे बाबा. सारखे पंखे असते तर वाटणी थोडीफार जमली असती. धाकट्याच्या आतली तार बारीक, तिचा अडथळा जास्त, म्हणून व्होल्टही त्याच्याच वाट्याला जास्त आले. आता त्याला सगळा उघडून नव्याने गुंडाळावा लागेल. फेकू मात्र नकोस. ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत हाताची घडी घालून बस.

भावजयीला सांग, तिचं मन मोठं आहे, मीच अवघडते. नकोच ते.

लोभ आहे, भरवसा नाही.

ताई

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ट्रान्सफॉर्मर आला. आणला, जोडला, आणि जिन्यापर्यंतचे सगळे दिवे गेले. मेन बोर्डाचा खटका पडला म्हणून घर राहिलं. मागाहून पाहिलं तर मी तो उलटा जोडला होता. भिंतीची वीज ११०च्या बाजूला, आणि पंखा २३०च्या. उतरवायची सोडून मी ती चढवत होतो. आता थोरलाही गप्प आहे. मी पंख्यांचा डॉक्टर नाही, यमदूत आहे.

तुझी भावजय हल्ली मला इस्त्रीलासुद्धा हात लावू देत नाही. खोली तापते आहे, रिकामी आहे.

या मठ्ठावर लोभ असू दे.

बॉबिन

१० एप्रिल

चि. बॉबिनला अनेक आशीर्वाद.

पहिल्या वेळी मला खरं वाटलं. दुसऱ्या वेळी शंका आली. आता मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याने आयुष्यात एक बटण उलटं लावलं नाही, तो दोन्ही बाजूंना ठळक आकडे छापलेला ट्रान्सफॉर्मर उलटा जोडेल? रिकाम्या हातांनी येणार नाही असं मी लिहिलं, म्हणून तू माझ्यासाठी काम तयार करत बसलास. चांगले पंखे जाळलेस रे, वेड्या! पत्र हातात घेऊन मी खूप रडले. ह्यांच्यानंतर माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

काल शटर वर केलं. गुंडाळायच्या मशीनला तेल दिलं, तार काढून ठेवली. पुढच्या रविवारी येते. चार दिवस राहीन, दोन्ही पंखे उभे करून देईन, मग परत.

तुझ्या सोंगावर माझा फार लोभ आहे.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून तुझी भावजय रडली. एवढ्या मोठ्या मनाचं श्रेय मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. ते गुपचूप खिशात घालावं असं फार वाटलं. पण खोट्या कारणावर तुला आणणं जमेना.

ताई, ते सोंग नव्हतं. तिन्ही वेळा मी पूर्ण मनापासून चुकलो. असं सोंग करावं हे मला सुचलं असतं, तर मी एवढा मठ्ठ तरी कशाला असतो? तू यावंस म्हणून तडफडत होतो हे खरं, पण युक्ती एकही सापडली नव्हती.

आता येणं रद्द केलंस तर मी काही बोलणार नाही. पण ये गं.

लोभ अजून शिल्लक असेल तर तो ठेव.

बॉबिन

१८ एप्रिल

चि. बॉबिनला अनेक आशीर्वाद.

सोंग असतं तर चार दिवसांत पंखे दुरुस्त करून परत गेले असते. हे सगळं खरं आहे म्हणतोस, तर तुला एकटं सोडण्यात अर्थ नाही. दुकान भाड्याने द्यायला सांगितलंय. मशीन, हत्यारं आणि माझा बिछाना टेम्पोत घालून रविवारी येते आहे. मी पोहोचेपर्यंत एकाही बटणाला हात लावू नकोस.

तुझी,
ताई