सुरेशचा कप

दिवेआगर, मंगळवार, दिवेलागणीला

आज सुरेशला दवाखान्यात बघून आलो. वीस वर्षं आमच्या वाडीतले नारळ पाडणारा माणूस खाटेवर उठून बसताना धापा टाकत होता. वर मलाच म्हणाला, "मास्तर, नारळ पाडायचं राहिलं हाय."

एचआयव्ही असं काही नसतंच, त्या गोळ्यांनीच माणूस खंगतो, असा व्हिडिओ मीच त्याला दाखवला होता. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. मला तो पटला, की पटवून घेतला? रोगच नसला की गावात बोभाटा नाही, दुसरा गडी शोधायला नको. माझी सोय! आणि त्याने गोळ्या सोडल्यान.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बंद करायला कोणी सांगितलं?" माझ्याकडे न बघता सुरेश म्हणाला, "कुणी न्हाय. माझ्या मनानंच केल्या." मी पिशवीतली केळी काढून ठेवत राहिलो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

घरी आलो तर पडवीच्या कोनाड्यात त्याचा कप. कान तुटलेला, पालथा घातलेला. रोग कळला त्याच आठवड्यात मी तो वेगळा काढला होता. कपाने हा रोग पसरत नाही, हे वर्गात शिकवलं. रोग नाहीच, हे सुरेशला शिकवलं. मग हा कप?

चहा झाला की तो स्वतःच विसळून ठेवायचा. रोज. सगळं कळत असणार त्याला. तरी माझं ऐकलंन.