चौथं बोट

गॉलवे, १२ जानेवारी १९८६

ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

मूत्रपिंडं थकली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. बाबांचं दुखणं तेच, आणि नर्सिंगच्या परीक्षेलाही नेमका तोच धडा! वर्गातल्या पोरी दिवसभर लक्षात ठेवायच्या युक्त्या घोकतात. माझी युक्ती अशी, की पोटॅशियम वाढलं तर हृदयाच्या आलेखातली लाट आपल्या घरामागच्या डोंगरासारखी टोकदार, घटलं तर दलदलीसारखी सपाट.

बाबा बटाटे सोडायचे नाहीत, म्हणून तुला तीन बोटं देते. अंगठा म्हणजे सोलायचे, त्याशेजारचं बोट भिजवायचे, मधलं दोनदा उकळायचे. म्हणजे पोटॅशियम पाण्यात उतरतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डर्वला

मेयो, २० जानेवारी

चि. डर्वलास,
अनेक आशीर्वाद.

बोटं मोजत स्वयंपाक करते. बाबा म्हणतात, सालीशिवाय बटाटा म्हणजे झग्याविना पाद्री, ओळखूच येत नाही. खातात मात्र निमूट. डोंगराचं ऐकून खूश झाले. म्हणाले, पोरीला मेंढरांमागे पळवलं ते वाया गेलं नाही. पाय मात्र फार जड पडतात त्यांचे. काळजी वाटते.

अभ्यास कर, जेवत जा.
तुझी आई

मेयो, १७ फेब्रुवारी

चि. डर्वलास,
अनेक आशीर्वाद.

दफन आटोपून तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. त्यांची टोपी अजून खुंटीवरच आहे.

पोरी, तीन बोटांत मी एकदाही चुकले नाही. बटाट्यांचं पाणीसुद्धा वाया घालवलं नाही. माझ्या आईची रीत; रोज त्याचंच सूप करून त्यांना पाजलं, अंगात ताकद यावी म्हणून. तरी इस्पितळात आलेखावर तो टोकदार डोंगर मलाही दिसला. माझं काही चुकलं का गं?

उत्तर धाड.
आई

गॉलवे, ३ मार्च

ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगितलं ते सगळं तू केलंस. तुझं काही चुकलं नाही. हे पुन्हा विचारू नकोस.

पास झाले. तोच प्रश्न आला होता. धाकट्या वर्गातल्या पोरी आता माझी बटाट्यांची युक्ती चार बोटांवर म्हणतात. बाबांना सांगायचं राहिलं.

जपून राहा.
तुझी डर्वला

मेयो, ९ मार्च

चि. डर्वलास,
अनेक आशीर्वाद.

मला तू तीनच बोटं दिली होतीस. आज पातेलं हातात घेऊन उभी राहिले आणि चौथं कळलं. ते पाणी मोरीत ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिथेच बसून रडले.

मला दुखू नये म्हणून तू एकटीने गिळलंस. आता पुरे. तूही पोरच, मीही अडाणी. दोघींचा जीव त्यांच्यावरच होता. त्या पोरींना चौथं बोट सगळ्यांत आधी शिकव.

इस्टरला ये. बटाटे सालीसकट उकडीन, त्यांना आवडायचे तसे.

तुझी आई