विमानाच्या पोटाखालची पायरी

हे पत्र लिहायचं मी तीन आठवडे टाळलं. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडलं, तर त्यानं एका टेहळणी विमानाची शेपटी काढत बसलो. नंतर कारण शोधायचंही सोडून दिलं. सोमवारी सकाळी डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत आणि आज शनिवार आहे, म्हणून आता लिहितो.

मी, आत्माराम रामनाथ भोईर, उर्फ पिंटू, वय सत्तावीस, मूळ गाव तारोडी, सध्या मुक्काम बहीण ममता हिच्या घरी, भाईंदर पश्चिम, पूर्ण शुद्धीवर आहे. कुणाच्या धाकाखाली किंवा भुलीखाली लिहीत नाही. भूल सोमवारी मिळेल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मी पूर्ण केलेल्या गोष्टीच मुळात कमी. बारावी अर्धी, आयटीआय अर्धं, आणि नऊ शहरांत नऊ नोकऱ्या, एकीचंही वर्ष भरलं नाही.

कलम १. तारोडीच्या घरातला माझा हिस्सा ममताला द्यावा. बाबांनी तो मला देताना म्हटलं होतं, "तुझा पाय घरात ठरत नाही, तुला घर कशाला? पण घे." हिस्सा दिला की टोमणा मारला, ते मला अजून कळलेलं नाही. दोन्ही तिला.

कलम २. आजोबा धाकू यांचा लाकूड तासायचा वाकस, दोन रंधे आणि गाठी मारलेली मापाची दोरी. आजोबा होड्या बांधायचे, आयुष्यात एक नकाशा न काढता. तळ तयार झाला की मला उचलून त्यावर धरायचे. "हात फिरव. कुठं अडकतंय? न्हाय ना? मंग पानीबी अडकनार न्हाय." मी शिकलो ते एवढंच. हत्यारं माझा मित्र लवू याला द्यायची होती, पण लवू या पत्राचा साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळतंय त्यानं साक्षीदार होऊ नये असं झेरॉक्सवाल्यानं बजावलंय. लवूला विचारलं तर म्हणाला, "सही करतो रे बाबा. वाकस घेऊन काय भाजी चिरू?" म्हणून हीही ममताला.

कलम ३. विमानांचे त्रेसष्ट कागद. यांचा इतिहास सांगणं भाग आहे.

बेव्हर्ली पार्कमध्ये राहणारा माझा मित्र निकेत विमा कंपनीत नोकरी करतो आणि कादंबरी लिहीत होता. न घडलेलं युद्ध, साल १९५३, आणि अशी दुनिया की जिथं धावपट्टी बांधायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळी विमानं खाडीतून उडतात, इंजिनं कोळशाच्या वायूवर चालतात, शत्रूचा आवाज टिपायला किनाऱ्यावर माणसं मोठाले कर्णे कानाला लावून बसतात. तो लिहायचा, "आकाश फाडत जाणारं यंत्र." मी विचारायचो, "वायूची टाकी कुठं ठेवलीस? पायलट मुतायला कुठं जातो?" चिडायचा, मग खोडायचा. वरसाव्याच्या ढाब्यावर सहा महिने बसून मी त्याला एकोणीस विमानं करून दिली. प्रत्येकाचं वजन, पंखांचं क्षेत्रफळ, तोल कुठं पडतो, सगळं. विमान खोटं असलं तरी नीट बांधलेलं पाहिजे, नाहीतर वाचणारा पहिल्याच पानाला बुडतो. आयुष्यात पूर्ण केलेलं काम हे एकच.

कागद ममताने सांभाळावेत. रद्दीवाल्याला देऊ नयेत. ती देईल, पण मी लिहून ठेवतोय.

कलम ४. निकेत याला माझ्या मालमत्तेतून काहीही, चहाचा कपसुद्धा, देऊ नये.

कारण असं. पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या पोटाखाली मध्यावर एक आडवी पायरी लागते. तिथं तळ एकदम वीतभर वर जातो, मागे हवा शिरते आणि पाणी विमानाला मोकळं करतं. पायरी नसली की पाणी तळाला धरून ठेवतं, मग इंजिन कितीही बोंबलू दे. मी आधी तळ काढला होता तो आजोबांच्या होडीसारखा, गुळगुळीत. पुढे भटकत कोचीला गेलो, तिथं जेटीवर एका म्हाताऱ्या विमान-फिटरने माझा कागद पाहिला आणि हसत सुटला. परत आल्यावर मी दुरुस्त कागद काढला आणि निकेतला पाठवला. पुस्तक छापून आलं ते गुळगुळीत तळासह, मुखपृष्ठावरसुद्धा. अकराव्या प्रकरणात पहाटे चाळीस विमानं उडतात आणि युद्ध जिंकतात. त्यातलं एकही पाणी सोडणार नाही.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात मी उभा राहिलो आणि साठ माणसांसमोर हे सांगितलं. निकेत म्हणाला, "मला कुठलाही दुसरा कागद मिळाला नाही रे, पिंटू." मी म्हणालो, "खोटारडा." त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. त्याला चौदा महिने झाले. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. पुस्तकात 'विमानांची रचना' म्हणून माझं पूर्ण नाव आहे. तेही मला अपमानच वाटत आलं.

कलम ५. वरची कलमं सकाळी लिहिली. दुपारी कलम ३ साठी कागद मोजायला ते ठेवलेलं नळकांडं उघडलं. त्रेसष्ट बरोबर निघाले. पण तळाशी चौसष्टावाही होता, पाकिटात, पायरीचा दुरुस्त कागद. पाकिटावर निकेतचा पत्ता, माझ्या अक्षरात. तिकीट नाही, कुरिअरची पावती नाही, काही नाही.

लवू समोरच बसलाय. तो म्हणाला, "त्या दिवशी तू कुरिअरला निघालेलास. वरसाव्याच्या पुलावर माझी गाडी बंद पडली, तू मदतीला आलास, आणि गाडी चालू झाल्यावर म्हणालास, चल नाशिकला."

"मग?"

"मग काय, गेलो नाशिकला. आता माझी गाडीपण मृत्युपत्रात घालतोस काय?"

मी पाठवल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. पाकीट चिकटवल्याची चवसुद्धा जिभेवर होती. आठवणीत बाकीचं मी भरून घेतलं असणार. चाळीस विमानं, प्रत्येकात तीन माणसं, माझ्या हाताने पाण्याला चिकटवलेली, आणि खोटारडा म्हणालो त्याला.

कलम ६. चौसष्टावा कागद माझ्या मृत्यूनंतर ममताने निकेतला नेऊन द्यावा आणि सांगावं की चूक माझी होती. मी जिवंत असेपर्यंत देऊ नये. कलम ४ तेवढ्यापुरतं रद्द.

लवूने वाचलं आणि म्हणाला, "मेल्यावर सॉरी बोलणार? शाना आहेस. आणि वाचलास तर?" वाचलो तर काय, याचं कलम मृत्युपत्रात नसतं.

कलम ७. मला नावं ठेवायला कुणी जमलं तर चहा साखर घालून द्यावा. या पत्राची अंमलबजावणी ममताने करावी.

स्थळ: भाईंदर (पश्चिम)
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: आत्माराम रामनाथ भोईर
(सही दोन्ही साक्षीदारांसमोर करायची, म्हणून बाकी)

साक्षीदार १: लवू, हजर
साक्षीदार २: नीलम, वरच्या मजल्यावरच्या. चार वाजता येते म्हणाल्या होत्या, सहा वाजले. आत्ता फोन आला, त्या विरारला अडकल्यात.

ता. क. ममता गॅलरीतून ओरडतेय, "पिंट्या, खाली बघ कोण! शहाळी घेऊन आलाय. जिना चढतोय." लवू म्हणतो, "झाला ना दुसरा साक्षीदार. याला तर तू चहाचा कपपण देत नाहीस."

कलम ६ मी खोडलं आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. पाकीट नळकांड्यातून काढून टेबलावर ठेवलं आहे, पत्ता वर करून.

दार वाजलं. निकेत आलाय.