घड्याळावरचं ‘कै.’

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. जिवंत होता तोवर तुमच्यासमोर माझी जीभ उचलत नव्हती. आता तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करू शकत नाही, म्हणून लिहिते आहे. वर ‘आदरणीय’ घातलेलं नाही. नावाआधी काय लावावं आणि काय लावू नये याचा धडा तुम्हीच मला दिलात, आणि तो मी विसरलेले नाही.

तुम्ही मुख्याध्यापिका होतात त्याच शाळेत पप्पा शिपाई होते. घंटा तेच द्यायचे. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं, त्यामुळे सारखे मनगटावरचं घड्याळ बघायचे, आणि घंटा जरा मागेपुढे झाली की तुमची बोलणी खायचे. मी सातवीत असताना ते गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांत गेलेल्याच्या स्मरणार्थ शाळेला काहीतरी द्यायची रीत. कुणी पंखा दिलेला, कुणी बाक. आईनं घड्याळ द्यायचं ठरवलं. ‘सगळ्या शाळंला टाइम त्यांनीच दावला की,’ ती म्हणाली, ‘मग घड्याळच शोभतंय.’ शाहूपुरीतल्या एका पेंटरकडून तिनं काचेवर नाव घालून आणलं. लाल अक्षरांत पप्पांचं नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि नावाच्या आधी ‘कै.’ ते त्यानं आपल्या सवयीनं घातलेलं. आईनं विचारलं तर म्हणाला, मोठ्या माणसाला घालतात, मान असतोय त्यो. आई खूश झाली. पप्पांना आयुष्यात मान म्हणून मिळालेलं ते पहिलंच अक्षर होतं.

सकाळच्या प्रार्थनेला तुम्ही ते घड्याळ हातात धरून उभ्या आहात. आई दाराशी डोक्यावर पदर घेऊन. मी तिसऱ्या रांगेत, मान ताठ, कारण आज माझ्या पप्पांचं नाव सगळ्या शाळेसमोर वाचलं जाणार आहे. तुम्ही चष्मा नाकावर सरकवता. ‘कैलासवासी?’ तुम्ही म्हणता. मग माझ्याकडे बघून, ‘काय गं, तुझे पप्पा कुठे गेले? प्रभूकडे, की कैलासावर?’ सगळा हॉल हसतो. पहिल्या रांगेतला आमच्या वर्गाचा मॉनिटर तर पोट धरून हसतो. आई दारातूनच म्हणाली, ‘बाई, मान म्हणून घातलंय हो, मला काय ठावं.’ आणि तुम्ही ते वाक्य बोललात: ‘बाप्तिस्मा घेऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं अर्धं मन अजून तिकडंच आहे. आधी हे पुसून आणा.’

तुम्हाला माहीत होतं, बाई, आई कागलकडच्या शेतकरी घरातली. पप्पांशी लग्न करायचं म्हणून तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेरच्यांनी ‘बाटली’ म्हणून तिचं नाव टाकलं. पुढे सख्ख्या भावाच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. तिकडे ती पुरती मेली होती, आणि इकडे तुम्ही तिला अर्धीच आत घेतलीत. मी तेव्हा लहान होते, नाहीतर तिथंच विचारलं असतं. आपण चर्चला ‘देऊळ’ म्हणायचो, ते कुठून आलं? तुम्ही रोज ज्याला ‘परमेश्वर’ म्हणून हाक मारायचात, तो शब्द कुणाचा? सगळी भाषा त्यांच्याकडून घेतली ती चालली, आणि एका विधवेच्या हातातलं एक अक्षर तेवढं तुमच्या डोळ्यांत खुपलं.

घरी येऊन आईनं पप्पांचं दाढीचं ब्लेड काढलं आणि स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी बसून ते अक्षर खरवडलं. रंग गेला, पण काचेवर ओरखडे उठले. असलं घड्याळ कसं द्यायचं म्हणून ते आमच्याच भिंतीवर राहिलं. पप्पांचं नाव शाळेत कधी लागलंच नाही. ईस्टरला पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या आणि फुलं घेऊन कबरस्तानात जातात. त्या वर्षापासून आई दुपारी जायला लागली, सगळे परतल्यावर. ‘कोण काय म्हणंल, नगं बाई,’ एवढंच म्हणायची. ऊन डोक्यावर घेऊन पप्पांच्या कबरीपाशी एकटी बसलेली माझी आई मी दर वर्षी बघत आले, आणि दर वर्षी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत आले. माफ करा म्हणून शिकवलंत, पण ते काही जमलं नाही.

माझं अक्षर मात्र तुम्हीच वळवलंत, हे नाकबूल कसं करू? पुढे त्याच अक्षरावर मी शाहूपुरीत दुकान टाकलं. दारावरच्या पाट्या, ट्रॉफ्या, संगमरवरावर कोरीव नावं. तुम्ही गेलात आणि हॉलला तुमचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा पाटीचं काम माझ्याकडेच आलं. मजकूर घेऊन कोण आलं असेल? तोच मॉनिटर. आता पोट सुटलेला, माजी विद्यार्थ्यांचा पुढारी, रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारा. त्यानं कागद पुढे केला. तुमच्या नावाआधी त्याच्याच हातानं लिहिलेलं: ‘कै.’

मी विचारलं, ‘हे असंच ठेवायचं?’

‘असंच की,’ तो म्हणाला. ‘एवढ्या मोठ्या बाई. मान असतोय त्यो.’

मला हसू आवरेना, म्हणून मी खाली वाकून टेप शोधायचं सोंग केलं. मी त्याला सांगू शकले असते. नाही सांगितलं. पुन्हा एकदा नीट वाचून बघा म्हणाले, त्यानं वाचून मान डोलावली. मग मी ते अक्षर कोरलं, बाई. तुम्ही शिकवलंत तसं, दोन्ही मात्रा एकसारख्या, टिंब गोल. आणि बाकीच्या अक्षरांपेक्षा दुप्पट खोल.

पाटीवरचा पडदा काढला त्या दिवशी आईला मुद्दाम घेऊन गेले. घड्याळाच्या त्या सकाळनंतर तिनं हॉलचा उंबरा ओलांडला नव्हता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, नव्या मुख्याध्यापिका बोलल्या, टाळ्या झाल्या. त्या ‘कै.’ला कुणीच हसलं नाही. लोक चहाकडे वळल्यावर मी आईला पाटीपुढे उभं केलं. तिनं सावकाश वाचलं. त्या अक्षरावर बोट फिरवलं.

‘लई खोल गेलंय की गं,’ ती म्हणाली.

‘व्हय,’ मी म्हटलं, ‘ब्लेडनं निघायचं न्हाय.’

तिच्या तोंडावर हसू बघायला मी एवढी वर्षं थांबले होते. ती हसली नाही. ‘बाईंना चालायचं न्हाय गं हे,’ असं हळूच म्हणाली, आणि अक्षरात अडकलेली संगमरवराची पांढरी भुकटी पदराच्या टोकानं पुसायला लागली. आधी ‘कै.’ पुसलं, मग तुमचं सगळं नाव, शेवटपर्यंत.

पाटी अजून आहे, घड्याळ अजून आमच्या भिंतीवर आहे. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. आई पदरानं तुमचं नाव पुसत होती तेव्हा मला तुमचा राग आला नाही, बाई. आईचा आला. आणि तो अजून गेलेला नाही.