तिठ्यावरचा दगड

आये, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. यंदा आपल्या तिठ्यावर लढाईत गेलेल्या सात जणांच्या नावांचा दगड उभा राहिला. बाबांचं नाव चौथं आहे. तो उभा राहण्याआधी मी जे केलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

दिवाळी झाल्यावर तिघं जण घरी आले. वरच्या वाडीतला एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, शाळेतल्या बाई, आणि खाडीकडच्या मुसलमान घरातला, मालवणात जाळ्यांचं दुकान असलेला एक पन्नाशीचा माणूस. गावच्या जवानांसाठी दगड बसवतोय, बाबांचा फोटो असला तर द्या, म्हणाले. मी खुर्च्या दिल्या, चहा विचारला नाही. "मागे कोण आसा?" एवढंच विचारलं. कंडक्टर हसला. "मागे कोण असतलो गो? आमी तिघां, आनि काय!" तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला असं उत्तर पटत नाही. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांना मेलेल्यांची आठवण येते, हे मी आपल्याच घरात शिकले होते.

मी दहा वर्षांची आहे. तू लावणीला गेली आहेस. जीपमधून दोघं उतरतात, सत्काराला फोटो हवा म्हणतात, आणि मी स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो काढून देते. तू येतेस ती चिखलाच्या पायांनी दारातच थांबतेस, नुसत्या खिळ्याकडे बघत. "फोटो दिलंस? आता तुझो बापूस तुका खंय दिसतलो?" तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. फोटोसाठी तू मालवणला तीन खेपा घातल्यास. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो नाही.

म्हणून त्या तिघांना मी सरळ नकार दिला. तेव्हा जाळ्यांवाला हळूच म्हणाला, "फोटो नसलो तरी चलात, काकी. माझ्या चाचाचोय फोटो नाय. ते गेल्याची तार तुमच्याकडे आनि आमच्याकडे एकाच आठवड्यात इली. माझी आजी तेव्हा तीन दिवस तुमच्या आयेकडे येऊन बसलेली." मला वाटलं, मला विरघळवायला हा बोलतोय. तू ह्याबद्दल कधी बोलली नव्हतीस. पण ते गेल्यावर आठवलं, त्या दिवसांत आपल्या चुलीपाशी कुणीतरी पेज ढवळत होतं, आणि तो हात तुझा नव्हता. मी जेमतेम चार वर्षांची होते. ती कोण होती गो?

तरी संशय गेला नाही. दुसऱ्याच दिवशी मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. सदर जागा सार्वजनिक रस्त्याची असून विनापरवाना बांधकाम होत आहे, वगैरे. खाली सही केली 'एक जागरूक ग्रामस्थ'. अर्ज कसा लिहिला म्हणजे साहेबाला तो बाजूला ठेवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. आठवड्यात काम थांबलं. दगड ताडपत्रीखाली तिठ्यावर पडून राहिला, आणि जाता-येता मी तिकडे बघायचं टाळू लागले.

मग एका सकाळी कंडक्टर आणि जाळ्यांवाला माझ्याच दारात. "बाय, तू कचेरीत होतंस. ह्येचा उत्तर कसा लिवचा, तां सांग." हातात माझ्या अर्जाची झेरॉक्स. मी म्हटलं, आधी दगड बघते. तिठ्यावर जाऊन ताडपत्री उचलली. सात नावं, प्रत्येकापुढे वाडी. बाबांच्या नावातली वेलांटीसुद्धा बरोबर. खाली कुणाचं 'सौजन्य' असेल म्हणून मी वाकून कडा चाचपल्या, मागची बाजू बघितली. काहीच नव्हतं. कंडक्टर काठीवर रेलून उभा होता. "काय शोधतंस गो?" मी ताडपत्री परत दगडावर ओढली.

घरी येऊन मी उत्तर लिहून दिलं. कुठला नकाशा जोडायचा, कुणाची संमती घ्यायची, सगळं. महिन्याभरात परवानगी आली. दगड बसला त्या दिवशी भाषण झालं नाही. शाळेतल्या बाईंनी एकेक नाव वाचलं आणि त्या त्या घरच्या माणसाने फूल वाहिलं. बाबांचं नाव आलं तेव्हा मी पुढे झाले. तुला असं नुसतं फूल वाहायला कुणी कधी बोलावलंच नव्हतं.

आता खरं ते लिहिते. उत्तर लिहून दिलं त्या दिवशी जाळ्यांवाल्याने तो कागद आणि अर्जाची झेरॉक्स शेजारी शेजारी धरली होती. बराच वेळ बघितलं. मग झेरॉक्सची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "अक्षर बरा आसा, काकी." तेव्हापासून मालवणात गेले की मी त्याच्या दुकानावरून जात नाही, मच्छीबाजाराकडून वळसा घालते. त्याला कळलंय, असा मला संशय आहे. आणि कळूनही तो कुणाला बोललेला नाही, ह्यावर विश्वास ठेवायला मला अजून जमत नाही.