मारुतीच्या तोंडाचं फूल

३ एप्रिल, गुरुवार
आंबोलीच्या रोपवाल्या गुरुजींकडून खोकं आलं. ऑर्किडच्या मुळाशी घालायचं शेवाळ दोन पुडे ३००, जाळीची कुंडी ८०, टपाल ९०. ह्यांनी आजारी पडायच्या आधी मागवलेलं. ह्यांचं ऑर्किड कोल्ड्रिंकच्या जुन्या काचेच्या फ्रिजात आहे. ढगातल्या डोंगरावरचं झाड, उन्हाळा सोसत नाही. सहा वर्षांत पहिलीच कळी.

७ एप्रिल, सोमवार
शाहूपुरीला दवाखान्यात. हे जेमतेम दोन-तीन शब्द बोलतात आता. "कळी हाय न्हवं?" म्हटलं, "हाय की." ऐकून ह्यांनी समाधानानं डोळे मिटले. डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. थोडे दिवस ठेवू, मग घरी न्या म्हणाले. बरे होतील असं नाही म्हणाले.
घरी आले तर धाकट्या जाऊबाई दारात. "आक्का, माणूस तिकडं पडलाय आन् तू हितं झाडाला गार वारा घालतीस!"
फ्रिज चालूच ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
ह्यांच्या नावानं मारुतीला पंचामृताचा अभिषेक. ह्या जातीच्या फुलात मारुतीचं तोंड दिसतं, हे नेहमी सांगायचे. मग तीर्थ दुसरीकडं कशाला? भांडं विसळून कुंडीतच ओतलं. ह्यांच्या वहीत आहे, फक्त पावसाचं पाणी. पण देवाचं ते काय बाधणार.

१६ एप्रिल, बुधवार
फ्रिजात मुंग्या. आंबट वास. पांढरी बुरशी. साठवणीच्या पावसाच्या पाण्यानं धुतलं, नवं शेवाळ घातलं. मुळं बोटाला लागली की गळायची. कळी अजून...

१९ एप्रिल, शनिवार
कळी गळली. टाकवेना, तुळशीच्या बुडाशी ठेवली.
दवाखान्यात. "कळी?"
"मोठी झालीया."
शनिवारचा उपास, आणि तोंडात खोटं. हे हसले. आजारपणात पहिल्यांदा. म्हणाले, "मला बघायचीया."
देवा, मला काय ती शिक्षा दे. त्यांना नको.

२१ एप्रिल, सोमवार
पुढच्या सोमवारी घरी आणायचं ठरलं. गुरुजींचा फोन लागत नाही, आंबोलीत रेंज नसते. पत्र टाकलं. नक्कल:
"गुरुजींस सा. न. रोप माझ्या हातून गेलं. पंचामृत घातलं. ह्यांना सांगितलेलं नाही. अगदी तसंच कळी धरलेलं रोप आपल्याकडं असेल तर मी स्वतः एस.टी.नं येऊन नेईन. पैसे आणते. पण सहा वर्षं पान न् पान पुसलेला माणूस, दुसरं रोप ओळखेल का? ओळखणार असेल तर रोप नको, मी खरं सांगते. आपल्याला काय वाटतं ते उलट टपाली कळवावे. सोमवारच्या आत."